ॲलिस ऑस्टिनच्या काचा आणि तुमच्या पणजोबांच्या पेट्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उरणच्या घराच्या माळ्यावर पणजोबांच्या काचेच्या निगेटिव्हच्या चार लाकडी पेट्या सापडल्या. पणजोबा आठवडाभर नोकरीसाठी मुंबईत असायचे आणि शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने उरणच्या मोरा बंदरात उतरायचे. फोटो दोन्हीकडचे आहेत. घरचे म्हणतात, ते काही फोटोग्राफर नव्हते, नुसती हौस होती, एवढी काच घरात कशाला ठेवायची? तुमच्या वाचनात ॲलिस ऑस्टिनचं नाव आलं. तीही बेटावर राहून पलीकडच्या शहराचे फोटो काढणारी हौशी बाई. तिचं एवढं नाव का, आणि तिच्याकडे पाहून या पेट्यांचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली सव्वीस वर्षं जुन्या फोटोंच्या आणि काचेच्या निगेटिव्हच्या जतनाचं काम करतो. आधी एकच विनंती: हे सगळं वाचून होईपर्यंत पेट्या उघडू नका, पुसू नका आणि पाकिटं तर अजिबात टाकू नका. पाकिटांबद्दल एवढं का सांगतोय, ते ॲलिसच्याच गोष्टीतून कळेल.

ॲलिसचा जन्म १८६६ चा, न्यू यॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या स्टॅटन आयलंडवरचा. वडील तिच्या जन्माआधीच सोडून गेले, आई माहेरी परतली आणि ॲलिस आजोळीच वाढली. आजोबांनी १८४४ मध्ये घेतलेल्या त्या घराचं नाव ‘क्लिअर कम्फर्ट’. घर अगदी पाण्याला लागून, समोर नॅरोजची चिंचोळी खाडी, पलीकडे ब्रुकलिन. न्यू यॉर्कला येणारं-जाणारं जहाज त्या व्हरांड्यासमोरूनच जायचं. साधारण दहा वर्षांची असताना मावशीच्या यजमानांनी घरात कॅमेरा आणला. ते जहाजावर कप्तान होते. मामा रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी भाचीला प्लेट, म्हणजे निगेटिव्हची काच, कशी धुवायची, कोणतं रसायन काय करतं, हे शिकवलं. वरच्या मजल्यावरच्या एका कपाटाएवढ्या खोलीत तिची डार्करूम होती. तिथे नळ नव्हता. हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनातून, काढलेली प्लेट घेऊन ती खाली अंगणातल्या पंपावर जायची आणि पुन्हा पुन्हा पाणी बदलून धुवायची, थंडीतसुद्धा.

हे धुणं साधं वाटतं, पण माझ्या कामात रोज दिसणारा सगळ्यात मोठा फरक तिथेच असतो. हायपो नीट धुतला गेला नाही तर तो काचेवरच्या, चित्र धरणाऱ्या जिलेटिनच्या थरात राहतो, वर्षानुवर्षं चांदीला खात जातो आणि प्लेट पिवळी पडून विरते. धंदेवाईक स्टुडिओत लगीनसराईच्या घाईत निघालेल्या कितीतरी प्लेटा मी अशा विरलेल्या पाहिल्या आहेत. उलट हौशी माणसाला गिऱ्हाईक दारात उभं नसतं, म्हणून तो जास्त पाणी वापरतो. तुमच्या घरच्यांनी ‘नुसती हौस’ म्हटलं, पण त्या हौसेचा हा एक फायदा तुमच्या पेट्यांमध्येही दिसण्याची शक्यता आहे.

ॲलिसच्या काळात काम सोपं करणाऱ्या गोष्टी बाजारात आल्या होत्या. १८८८ मध्ये कोडॅकचा रोलवाला कॅमेरा निघाला: शंभर फोटो काढा, कॅमेराच कंपनीला पाठवा, प्रिंट घरपोच. तिने मात्र काच सोडली नाही. कॅमेरा, तिवई, प्लेटांची खोकी असं वीस-बावीस किलोंचं ओझं घेऊन ती फेरीबोटीने मॅनहॅटनला जायची. काचेवर मिळणारा तपशील तिला हवा होता. आणखी एक सवय तिने जपली आणि माझ्या मते तिचं खरं मोठेपण त्यात आहे. प्रत्येक प्लेटच्या पाकिटावर ती लिहून ठेवायची.

एक उदाहरण बघा. फोटोत दोन तरुणी, अंगात पेटीकोट, केस मोकळे, डोळ्यांवर मुखवटे, तोंडात सिगारेट. त्या काळात घरंदाज मुलीने सिगारेट धरणं ही केवढी गोष्ट होती, ते सांगायला नको. त्यातली एक ॲलिस, दुसरी तिची मैत्रीण ट्रूड, जी चर्चच्या धर्मगुरूची मुलगी होती. नोंद अशी: ट्रूड आणि मी मुखवटे घालून, आखूड स्कर्ट, रात्रीचे ११, गुरुवार ६ ऑगस्ट १८९१, गॅस चालू, फ्लॅश, स्टॅनले ३५, वॉटरबरी लेन्स, ११ फूट.

यातला एकेक शब्द मला, माझ्या धंद्यातल्या माणसाला, काय देतो ते सांगतो. ‘स्टॅनले ३५’ म्हणजे प्लेटची कंपनी आणि जात, त्यावरून इमल्शन, म्हणजे काचेवरचा चित्र धरणारा थर, कसलं हे कळतं. ‘गॅस चालू, फ्लॅश’ म्हणजे खोलीतल्या दिव्याच्या उजेडात वर मॅग्नेशियमचा झोत, म्हणून सावल्या तशा कडक. ‘११ फूट’ म्हणजे लेन्सपासूनचं अंतर, त्यावरून खोली केवढी याचा अंदाज येतो. आणि ‘मी’ या एका शब्दावरून कळतं की कॅमेऱ्याची मालकीण स्वतःच फोटोतही आहे. लांब रबरी नळीला जोडलेला फुगा दाबून ती स्वतःच स्वतःचा फोटो घ्यायची. काही फोटोंत तो फुगा हातात दिसतोसुद्धा. हे पाकीट नसतं तर उरला असता फक्त ‘दोन अनोळखी मुखवटेधारी स्त्रिया’ असा एक गमतीचा फोटो.

बेटावरच्या तिच्या फोटोंत असंच सगळं जवळचं आहे. वेलींनी भरलेला व्हरांडा, आजी, लाडका कुत्रा, वस्तूंनी खच्चून भरलेला दिवाणखाना, टेनिसचे सामने, सहली, समोरून जाणारी शिडाची आणि वाफेची जहाजं. १५ ऑक्टोबर १८९१ ला तिने आणि दोन मैत्रिणींनी पुरुषी सूट आणि मिशा चढवून फोटो काढला. त्यातली ऐट बघण्यासारखी आहे. १८९६ मध्ये तिची मैत्रीण व्हायोलेट वॉर्ड हिने बायकांना सायकल शिकवणारं पुस्तक लिहिलं. त्यातली चित्रं ॲलिसच्या फोटोंवरून केलेली. सायकलवर बसायचं कसं, उतरायचं कसं, दुरुस्ती कशी करायची, सगळं पायरीपायरीने. १८९९ मध्ये तिची गर्ट्रूड टेटशी ओळख झाली, १९१७ पासून दोघी त्याच घरात एकत्र राहिल्या. दोघींचं हे आयुष्यभराचं सहजीवन होतं. पूर्वी त्याला नुसती मैत्री म्हणून बाजूला सारत असत; आज त्या घरात जे संग्रहालय आहे, तिथे ते उघडपणे सांगितलं जातं. मला हे योग्य वाटतं. ते वगळलं तर निम्मे फोटो कोण कुणाकडे बघून काढतंय, हेच समजत नाही.

आता शहर. १८९० च्या दशकातलं न्यू यॉर्क झपाट्याने बदलत होतं. युरोपातून माणसांची जहाजंच्या जहाजं उतरत होती. १८९२ मध्ये एलिस आयलंडचं केंद्र त्यासाठीच उघडलं. १८९८ मध्ये तर स्टॅटन आयलंड स्वतःच न्यू यॉर्क शहरात सामील झालं. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत ॲलिसने मॅनहॅटनच्या रस्त्यावरची कष्टकरी माणसं टिपली. एप्रिल १८९५ मधला हेस्टर स्ट्रीटवरच्या अंडीवाल्यांचा फोटो मी तुम्हाला आवर्जून बघायला सांगेन. गर्दीच्या बाजारपेठेत अंड्यांचा ठेला, भोवती घोळका, आणि त्यातले काही सरळ लेन्सकडे बघताहेत. शिवाय पेपर विकणारी पोरं, झाडूवाला, पोस्टमन, पोलीस, बूटपॉलिशवाले, चिंध्या गोळा करणारे, पेटी वाजवत फिरणारा आणि त्याची बायको. १८९६ मध्ये यातल्या १२ चित्रांचा संच छापला गेला.

त्याच शहरात थोडं आधी जेकब रीस नावाचा पत्रकार चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांत रात्री-बेरात्री शिरून फ्लॅश उडवत होता. त्याला लोकांना हलवायचं होतं, कायदे बदलायचे होते, आणि त्याचा उपयोगही झाला. पण त्याच्या फोटोतली माणसं बहुधा दचकलेली असतात. ॲलिसची माणसं दिवसाउजेडी, पायांवर उभी, आपापल्या कामाच्या सामानासकट, आणि आपला फोटो निघतोय हे माहीत असलेली. मला ती जास्त माणसं वाटतात.

तरीही एक गोष्ट मला खटकते आणि ती सांगायलाच हवी. बेटावरच्या मैत्रिणींची नावं पाकिटांवर आहेत. शहरातल्या त्या छापील संचात माणसांची नावं नाहीत, धंदे आहेत; शीर्षकच मुळी ‘रस्त्यावरचे नमुने’ अशा अर्थाचं. इतकी काटेकोर बाई, अकरा फूट अंतर लिहिणारी, पण त्या पेपरवाल्या मुलीचं नाव आपल्यापर्यंत आलं नाही. हा दोष तिच्या एकटीचा नव्हता, त्या काळाच्या नजरेचा होता. आपल्या मुंबईत त्याच्या तीस वर्षं आधी विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यात माणसं एकीकडे टिपून मागे दुसऱ्याच जागेचं दृश्य जोडलेलं आहे. खाली जातीचं किंवा धंद्याचं नाव, पण माणसाचं नाही. ज्या माणसाचे कपडे, दागिने, हातातली पिशवीसुद्धा आपण आज मोजून सांगू शकतो, त्याला कोण्या घरी कुठल्या नावाने हाक मारत होते, ते मात्र गेलं.

ॲलिसच्या कामाचा तिसरा भाग कमी लोकांना ठाऊक असतो, आणि मुंबईच्या माणसाला तो लगेच कळेल. स्टॅटन आयलंडवर पूर्वी साथीच्या रोग्यांसाठी क्वारंटाइनचं मोठं रुग्णालय होतं. गावात पिवळा ताप पसरतो म्हणून चिडलेल्या रहिवाशांनी सप्टेंबर १८५८ मध्ये ते जाळून टाकलं. मग समुद्रात भर घालून हॉफमन आणि स्विनबर्न अशी दोन छोटी बेटं मुद्दाम तयार करण्यात आली आणि क्वारंटाइन तिकडे गेलं. बंदराचे आरोग्य अधिकारी डॉ. अल्वा डोटी यांच्यासाठी ॲलिसने १८९० च्या दशकापासून कित्येक वर्षं तिथले फोटो काढले: निर्जंतुकीकरणाची यंत्रं, वाफेच्या टाक्या, खोल्या, बोटी, थांबवून ठेवलेले प्रवासी. १९०१ मध्ये बफेलोच्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडले गेले. त्याच सुमारास, १८९६-९७ मध्ये, मुंबईत प्लेग आला होता आणि प्लेग समितीच्या कामाचेही फोटो निघत होते: तपासणी, रुग्णालयं, पाण्याच्या बंबांनी धुतली जाणारी घरं. दोन्हीकडचे फोटो शेजारी ठेवून पाहिले की पृथ्वीच्या दोन टोकांची दोन बंदरं एकाच भीतीने काय काय करत होती, ते दिसतं. तुमच्या पणजोबांच्या काचा त्यानंतरच्या काळातल्या असाव्यात, पण धक्का, बोट, उतारू, तपासणी यातलं काही आलं असेल तर ते वेगळं काढून ठेवा.

आणि हे सगळं नष्ट होता होता वाचलेलं आहे. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत ॲलिसची पुंजी गेली. घर गहाण पडलं. हिरवळीवर चहाचं हॉटेल चालवून, गर्ट्रूडच्या नाचाच्या शिकवण्यांवर दोघींनी दिवस काढले. १९४५ मध्ये घर सोडावं लागलं, तेव्हा पिढ्यांचं सामान एका जुन्या बाजारवाल्याला ६०० डॉलरमध्ये गेलं. काचेच्या प्लेटांची खोकी तेवढी तिथल्या इतिहास मंडळाच्या लॉरिंग मॅकमिलन यांनी उचलून आपल्या ताब्यात घेतली, म्हणून वाचली. १९५० मध्ये चौऱ्याऐंशी वर्षांची ॲलिस सरकारी अनाथाश्रमवजा गरीबगृहात दाखल झाली. पुढे एका संपादकाला, ऑलिव्हर जेन्सनला, त्या प्लेटा दिसल्या. त्याने ते फोटो पुस्तकात आणि मासिकांत छापवले आणि त्या पैशांतून तिला गरीबगृहातून काढून चांगल्या ठिकाणी ठेवता आलं. ऑक्टोबर १९५१ मध्ये तिच्या फोटोंचं प्रदर्शन तिने स्वतः चाकाच्या खुर्चीतून पाहिलं. ९ जून १९५२ ला ती गेली. गर्ट्रूड दहा वर्षांनी गेली; शेजारी पुरण्याची दोघींची इच्छा घरच्यांनी पुरी केली नाही.

आता तुमच्या पेट्या. त्यावेळी मॅकमिलन यांनी जे केलं ते तुम्हाला फक्त माळ्यावरून खाली उतरवून करायचं आहे.

पाकिटांबद्दल मी सुरुवातीला म्हटलं त्याचं कारण माझ्याच हातून झालेली चूक आहे. उमेदवारीच्या दिवसांत एका घरातल्या दीडेकशे प्लेटा मी साफ करून नव्या, चांगल्या कागदात घातल्या आणि जुनी पाकिटं आम्लयुक्त म्हणून फेकली. कागद खरंच आम्लयुक्त होता. पण त्यावर पेन्सिलीने पुसट मजकूर होता, आणि तो मी नोंदवला नाही. त्या घरातली माणसं कोण, हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्लेट बाहेर काढण्याआधी पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, तिरका उजेड टाकून, म्हणजे पेन्सिलीचे ओरखडे उठून दिसतात. पेटीच्या झाकणाच्या आतली बाजूही बघा; आपल्याकडचे लोक तिथे हमखास लिहायचे. पाकीट आणि प्लेट दोघांना एकच क्रमांक द्या.

टेबलावर जाड चादर आणि वर कोरा पांढरा कागद अंथरा. हातात नायट्राइलचे हातमोजे, सुती नकोत, सुतीतून काच सटकते. प्लेट कडांनीच धरायची. एक बाजू चकचकीत असते, ती नुसती काच. दुसरी जराशी मंद दिसते, ते इमल्शन. त्याला बोट, फडकं, पाणी, फुंकर काहीही लावायचं नाही. काचेची बाजू फार मळली असेल तर डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेल्या मऊ कपड्याने, कडेपर्यंत न नेता, पुसता येते. कडांना निळसर चंदेरी झाक दिसली तर घाबरू नका, चांदी वर आली की असं होतं. ती खरवडू नका. दोन प्लेटा एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढू नका, तशाच जोडीने वेगळ्या ठेवा आणि मला कळवा. समुद्रकाठच्या घरात जिलेटिन दमट होऊन असं चिकटतं, आणि जोर लावला की एका काचेवरचा सगळा चेहरा दुसरीवर निघून येतो. फुटलेले तुकडे टाकू नका; दोन पुठ्ठ्यांत आडवे ठेवा.

बाकीच्या प्लेटा उभ्या ठेवायच्या, लांब कडेवर, पुस्तकांसारख्या. एकावर एक रचल्या की खालच्या तडकतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, डांबराच्या गोळ्या नकोत. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर, खालचा कप्पा सोडून, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात त्या महिन्याने बदलाव्या लागतील.

पाहण्यासाठी प्रिंट काढायची घाई नको. टॅबलेटवर कोरा पांढरा पडदा उघडा, त्यावर दोन बोटं उंचीवर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा, त्यावर प्लेट, मंद बाजू वर. मोबाइलने सरळ वरून फोटो घ्या आणि फोनमध्येच रंग उलटे करा. चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं दिसेल, तेही उलटवून घ्या. दुकानाच्या पाट्या वाचता आल्या की समजा बरोबर झालं. मुंबईच्या फोटोंत या पाट्याच तुम्हाला जागा आणि वर्ष सांगतील. ट्रामचे रूळ, तारांचे खांब, मागे दिसणारी एखादी अर्धवट इमारत, हेही टिपून ठेवा.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आत्याआजी उरणलाच आहेत आणि त्यांना जुनं सगळं आठवतं. एका वेळी दहा-बाराच चित्रं मोठी करून त्यांना दाखवा, जास्त दाखवली की माणूस दमतं आणि हो ला हो म्हणू लागतं. त्या बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करा. घरच्यांची नावं त्या सांगतीलच. मोऱ्याच्या धक्क्यावरच्या खलाशांची, मिठागरावरच्या बायकांची, दारावर येणाऱ्या कोळणीची नावंही तेवढ्याच चिकाटीने विचारा. आठवलं ते नाव, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख, तिन्ही त्या क्रमांकापुढे वहीत लिहा. मग चारही पेट्यांतल्या प्लेटा मोजून, पट्टीने एकेक आकार मापून मला कळवा: क्वार्टर म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच, हाफ पावणेपाच बाय साडेसहा, फुल साडेसहा बाय साडेआठ. आकार कळला की पाकिटांचा कागद किती लागेल आणि तो कसा दुमडायचा, ते मी लिहून पाठवतो.